वॉर्डातल्या सीटी-एमआरआयला रेडिओलॉजिस्टची मंजुरी सक्तीची हवी का?

क्ष-किरण, फोंडा
हवीच. फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी, सीटी पोट, कॉन्ट्रास्टसह' (कॉन्ट्रास्ट म्हणजे प्रतिमा उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) असं लिहून येतं. दुखतंय कुठे, किती दिवस, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, यातलं काहीच नसतं. मुतखड्याचा संशय असेल तर कॉन्ट्रास्टविना कमी डोसचा सीटी पुरतो. उलट कॉन्ट्रास्ट मूत्रनलिकेत उतरला की तोही खड्यासारखाच पांढरा दिसतो आणि बारीक खडा त्यात झाकला जातो. पोटाच्या साध्या सीटीत 8 ते 10 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात साधारण 2.4 मिळतो. गरज नसताना तीन फेज (कॉन्ट्रास्टच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तोच भाग तीनदा स्कॅन) मागितले तर डोस जवळपास तिप्पट!

कॅज्युअल्टी, म्हापसा
माझा विरोध आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं दिसल्यापासून 4.5 तासांत द्यावं लागतं. काणकोणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठेपर्यंतच त्यातला बराच वेळ जातो. त्यात मंजुरीच्या फोनची वाट कोण बघणार? डोक्याच्या किरकोळ माराला कॅनेडियन नियम आहे: दोनदा किंवा जास्त वेळा उलटी, वय 65 किंवा पुढे, दोन तासांनंतरही जीसीएस (शुद्धीचा गुणांक, पूर्ण शुद्धीत 15) 15 वर न येणं, यातलं एक असलं तरी सीटी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला मात्र तो नियम लावू नका, त्याचा सीटी सरळ करा.

क्ष-किरण, फोंडा
पक्षाघात आणि मोठा अपघात मंजुरीतून वगळा, मान्य. पण उधळपट्टी तिथे होतच नाही. मडगावहून बांबोळीला पाठवलेल्या रुग्णासोबत फक्त फिल्म आली, मूळ प्रतिमांची सीडी नाही, की तोच सीटी पुन्हा होतो. आयसीयूत रोज सकाळी सरसकट छातीचा एक्स-रे काढतात तेही तसंच. नळी किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकल्यावर, नाहीतर रुग्णाची तब्येत बदलल्यावर काढा.

टेक्निशियन, वास्को
दोघांचाही मुद्दा कळतो, पण सही वाढवून काम सुधारत नाही. रात्री दोन वाजता मंजुरी म्हणजे फोनवरचं 'करून टाका'. अडतं ते तयारीवर. सीटी अँजिओला (रक्तवाहिन्यांच्या सीटीला) सेकंदाला 4-5 मिली वेगाने कॉन्ट्रास्ट जातो. त्याला कोपराच्या शिरेत हिरवी 18 किंवा निदान गुलाबी 20 नंबरची कॅन्युला (शिरेत बसवायची नळी; नंबर मोठा तितकी ती बारीक) लागते. वॉर्डातून रुग्ण येतो मनगटावर पिवळी 24 घेऊन. तीतून जोर लावला तर शीर फुटून औषध हातात पसरतं. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) 30 च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) बंद ठेवून 48 तासांनी किडनी तपासूनच पुन्हा सुरू करायचं, हे वॉर्डाला आधी कळायला नको का?

एमआरआयला तर फॉर्मच जीव वाचवतो. पेसमेकर, मेंदूतली क्लिप हे विचारतात, पण डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे राहून जातं. आमच्याकडे शिपयार्डात ग्राइंडिंग करणारे किती लोक आहेत! 'हो' म्हणाला तर आधी डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे.

कॅज्युअल्टी, म्हापसा
असा फॉर्म मी आनंदाने भरीन. सहीला विरोध कायम.

क्ष-किरण, फोंडा
मग अर्धवट फॉर्म परत पाठवायचा अधिकार टेक्निशियनला द्या. नाहीतर तोही कोराच येईल.