मदत हवी आहे: दत्तक भाचीला 'ऑगस्ट रश' दाखवावा का?

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. पोस्ट लांबलीये, सांभाळून घ्या.

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, नऊ वर्षांची आहे. ती अगदी तान्ही असताना दादा-वहिनीने तिला दत्तक घेतलं आणि हे तिच्यापासून कधीच लपवलेलं नाही, 'आम्ही तुला आणायला आलो तेव्हा' ही तिची झोपतानाची ठरलेली गोष्ट आहे आणि वर्गातही ती बिनधास्त सांगते. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे नाशिकला येतेय, काय काय करायचं याची यादी फोनवर आधीच आलीये आणि त्यात एक नंबरला आहे ऑगस्ट रश. गिटार क्लासमधल्या कुणीतरी तिला त्यातली क्लिप दाखवली, तो मुलगा गिटार आडवी ठेवून तिच्यावर थापा मारत वाजवतो ती, तेव्हापासून 'आतू तो पिक्चर' हेच चालूय.

मी तो खूप पूर्वी पाहिलेला, तेव्हा ढसाढसा रडले होते आणि डोक्यात 'छान फॅमिली पिक्चर' म्हणून राहिला होता. परवा परत लावला आणि मध्यावर पोटात गोळाच आला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (स्पॉयलर आहेत बरं का): 2007 चा पिक्चर, कर्स्टन शेरिडनचा. लायला चेलो वाजवते, लुईस आयरिश, बँडमध्ये गातो, दोघं न्यूयॉर्कमध्ये एका रात्री गच्चीवर भेटतात आणि मग ताटातूट. तिला दिवस गेलेले असतात, अपघात होतो, तिचे वडील तिला सांगतात की बाळ गेलं, आणि तिची खोटी सही करून बाळ परस्पर देऊन टाकतात. तो मुलगा इव्हान, फ्रेडी हायमोर, मुलांच्या होममध्ये वाढतो, त्याला वाऱ्यात, गवतात, तारांमध्ये सगळीकडे संगीत ऐकू येतं आणि त्याला पक्कं वाटत असतं की आईबाबा आहेत, आपण वाजवलं की त्यांना ऐकू जाईल. पळून न्यूयॉर्कला येतो, तिथे रॉबिन विल्यम्सचा विझार्ड, जो पोरांना रस्त्यावर वाजवायला लावून पैसे स्वतः घेतो, त्याच्या तावडीत सापडतो, तिथून चर्च, चर्चमधून थेट ज्युलियार्ड हे संगीताचं नामांकित कॉलेज, आणि शेवटी सेंट्रल पार्कमध्ये त्याने लिहिलेलं संगीत ऐकून आई आणि बाप दोघंही स्टेजकडे ओढले जातात. वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये बाप-लेक एकमेकांना न ओळखता गिटार वाजवतात तो सीन आजही जबरदस्त आहे, त्याबद्दल वादच नाही.

पण हेच सगळं तिच्या बाजूने बघा ना. जन्म देणारी आई अजून शोधतेय, तिला फसवून बाळ काढून घेतलं, आणि रक्ताचं नातं कुठूनही हाक मारून बोलावतं. वाढवणारे आईबाबा या गोष्टीत कुठे नाहीतच! माझी वहिनी शेजारी बसून हे बघतेय असं डोळ्यांसमोर आणलं आणि मी टीव्ही बंद केला. दाखवू का? टाळू तर काय सांगून टाळू, पोरगी हुशार आहे. की मीच जास्त विचार करतेय? संगीताचा दुसरा कुठला पिक्चर असेल तर तेही सांगा.

खिडकीपाशी:
अहो ताई, किती तो विचार! मुलं परीकथा म्हणूनच बघतात. आपली मुलं कृष्ण-यशोदा ऐकूनच वाढतात की, कर्णाची गोष्ट तर त्याहून अवघड. दाखवा बिनधास्त.

दोन_कप_चहा:
आमचा मुलगा दत्तक आहे, आता चौदाचा. कृष्णाचं म्हणाल तर मथुरेला गेल्यावर यशोदेला भेटायला का नाही आला, हे त्याने सहाव्या वर्षी विचारून मला गार केलं होतं, तेव्हा मुलं मनावर घेत नाहीत हे काही पटलं नाही.

ताई, दाखवायचा की नाही हे तुम्ही एकट्या ठरवू नका, वहिनींना फोन करा. कारण प्रश्न पिक्चर चालू असताना येत नाहीत, चार दिवसांनी कधीतरी भांडी घासताना नाहीतर गाडीत येतात, तेव्हा तिथे तुम्ही नसाल, त्या असतील. शिवाय तिची स्वतःची गोष्ट किती आणि कुठपर्यंत सांगून झालीये हे त्यांनाच माहीत.

खोट्या सहीचा सीन मात्र मला सगळ्यात अवघड वाटतो, 'मला पण असंच आणलं का' हे येणारच. आपल्याकडे बाळ सोपवल्याचा कागद झाल्यावरही जन्म देणाऱ्या आईला विचार बदलायला 60 दिवस असतात, पण प्रत्येक मूल तसं आलेलं नसतं, काहींच्या आईचा पत्ताच नसतो, म्हणून तुम्ही आपल्या मनाने काही उत्तर देऊन मोकळ्या होऊ नका.

रसिकराज:
'ले कोरिस्त' बघा, फ्रेंच आहे, 2004 चा. बोर्डिंगमधल्या वांड पोरांना सर कोरस शिकवतात. गाणी अप्रतिम! सबटायटल वाचता यायला हवीत तेवढं बघा.

दोन_कप_चहा:
त्यातला छोटा पेपिनो आठवतोय का, दर शनिवारी गेटपाशी वडिलांची वाट बघत उभा असतो, आणि आईवडील तर वारलेले. तेही सोपं नाहीये. पण शेवटी सर त्याला आपल्याबरोबर घेऊन बसमध्ये बसतात, म्हणजे जे येणार नाहीत त्यांची वाट बघणाऱ्या पोराला दुसरं माणूस मिळतं. आमच्या घरी हा जास्त चालला.

सहा_तारा:
भावनिक बाजू वरच्यांनी सांगितलीच आहे, मी गिटारपुरतं बोलतो. क्लिपमधले हात त्या पोराचे नाहीत, काकी किंग नावाच्या गिटारिस्टचे आहेत (नाव खरंच काकी आहे, हसू नका). वेगळं ट्यूनिंग असतं, तारा नेहमीच्या सुरांना लावलेल्या नसतात, त्यामुळे नेहमीच्या गिटारवर आडवं ठेवून कितीही थापा मारल्या तरी तसं वाजणार नाही आणि पोरगी रडकुंडीला येईल. पिक्चरमध्ये तो गिटारला पहिल्यांदा हात लावतो आणि लगेच असं वाजवतो, रियाज वगैरे भानगडच नाही! माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या मनात हे खूळ एकदा तरी येऊन जातं. तिला हे हात कुणाचे ते आधी सांगा, काकी किंगचे व्हिडिओ दाखवा, निम्मी हौस तिथेच भागेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. वहिनीला फोन केला. ती थोडा वेळ गप्पच होती, मग म्हणाली मी आधी एकटी बघते, तोपर्यंत तिला काही बोलू नकोस. भाऊबीजेला ते दोघं इकडेच येणार आहेत, तेव्हा सगळ्यांनी मिळून बघायचा असं अर्धवट ठरलंय, नक्की ती सांगेल. पेपिनोवाला मी आज रात्री बघते. व्हिडिओची आयडिया मात्र लगेच वापरली, लिंक गेली आणि पाच मिनिटांत फोन, 'आतू, ही तर बाई आहे!'

सहा_तारा, तिची गिटार थ्री-फोर्थ साइजची, नायलॉनच्या तारांची आहे. त्यावर होईल का काही?

सहा_तारा:
थाप होईल, खणखणीतपणा येणार नाही, त्याला स्टीलच्या तारा लागतात. पण नऊ वर्षांच्या बोटांना सध्या नायलॉनच बरं. सरांना सांगून ओपन डी हे ट्यूनिंग लावून घ्या, त्यात तारा फक्त ढिल्या कराव्या लागतात, ताणायच्या नाहीत, म्हणजे तुटायची भीती नाही. आणि थापा काठाजवळ मारायला सांगा, मध्ये जोरात नको.