हंता विषाणू: दार कोणतं? बीटा-३ इंटिग्रिन की प्रोटोकॅडेरिन-१?

केशवाहिनी (प्रश्न)
हंता विषाणू (उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांकडून माणसात येणारा) रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत बीटा-३ इंटिग्रिन या पेशीपृष्ठावरच्या प्रथिनाला धरून शिरतो, असं जुन्या टिपणांत आहे. नव्या लेखांत प्रोटोकॅडेरिन-१ हे दुसरं पृष्ठप्रथिन येतं. परीक्षेत काय लिहायचं? शिवाय रोग न करणारा प्रॉस्पेक्ट हिल हा हंता विषाणू व्हेरो ई-६ (माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशींत मजेत वाढतो, मानवी अस्तरपेशींत मात्र थंडावतो. त्याला तिथे ग्राही (विषाणू ज्याला धरून शिरतो ते प्रथिन) मिळत नाही का?

सूक्ष्मदर्शी
आधी कोणता हंता ते लिहा, नाहीतर उत्तर अर्धंच राहील.

१९९८ चे प्रयोग प्रामुख्याने प्रतिपिंडांनी अडवण्याचे होते. बीटा-३ झाकलं की सिन नोम्ब्रे आणि न्यूयॉर्क-१ हे रोगकारक हंता अडतात, बीटा-१ झाकलं की प्रॉस्पेक्ट हिल. पण प्रतिपिंड हा आकाराने मोठा रेणू; तो चिकटला की शेजारचं प्रथिनही झाकलं जाऊ शकतं. म्हणून जनुकच काढून बघणं जास्त भरवशाचं. २०१८ मध्ये प्रोटोकॅडेरिन-१ काढलेल्या पेशींत अँडीज आणि सिन नोम्ब्रे या अमेरिका खंडातल्या हंतांचा शिरकाव जोरात घटला, हंतान आणि सोल या हंतांना मात्र फरक पडला नाही. या प्रथिनाच्या बाहेरच्या टोकाचा पहिला भाग विषाणूच्या कवचावरच्या जीएन/जीसी प्रथिनांना धरतो. हे जनुक नसलेले सीरियन हॅमस्टर अँडीजच्या जीवघेण्या आजारातून बहुतांशी वाचले. २०२१ मध्ये मानवी अस्तरपेशींतून बीटा-३, बीटा-१ आणि डीएएफ (ग्राही मानलं गेलेलं आणखी एक पृष्ठप्रथिन) काढून पाहिलं, तर परिणाम किरकोळ निघाला.

तेव्हा अमेरिका खंडातल्या हंतांसाठी प्रोटोकॅडेरिन-१ लिहा. बीटा-३ खोडू नका, त्याचं काम पुढच्या टप्प्यात येतं.

रसद्रव्य
प्रॉस्पेक्ट हिलचं उत्तर ग्राहीत नाही. तो अस्तरपेशींत शिरतो, पण लगेच इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध पेशीने सोडलेलं इशारा-प्रथिन) उसळतं आणि वाढ थांबते. रोगकारक हंता हा इशारा सुरुवातीला दाबून ठेवतात. त्यात जीएन प्रथिनाच्या पेशीद्रवातल्या शेपटीचा हात आहे. व्हेरो ई-६ पेशी टाइप-१ इंटरफेरॉन बनवूच शकत नाहीत, म्हणून तिथे रोगकारक आणि रोग न करणारे, दोघेही वाढतात. व्हेरोत वाढला म्हणजे माणसातही वाढेल, हा निष्कर्ष इथेच फसतो.

प्रयोग वाचताना दोन गोष्टी तपासा. व्हीएसव्ही या वेगळ्याच विषाणूवर हंताचं कवच चढवून केलेला प्रयोग फक्त शिरकाव मोजतो, कारण आतलं यंत्र व्हीएसव्हीचं असतं. दुसरं, सुरुवातीच्या तासांत आरटी-पीसीआरने आरएनए मोजला असेल, तर बाहेर चिकटलेले कण आधी प्रोटिएझने (प्रथिनं तोडणाऱ्या विकराने) धुतले होते का ते पाहा. न धुतल्यास नुसतं चिकटणंही संसर्ग म्हणून मोजलं जातं. एन प्रथिनाचा (विषाणूच्या आरएनएला गुंडाळणाऱ्या) प्रतिदीप्त रंग जास्त विश्वासाचा, तोही उशिरा बघावा. हंता सावकाश वाढतो.

केशवाहिनी
म्हणजे ग्राही असला तरी पुरत नाही. मग आत गेल्यावर काय लागतं?

रसद्रव्य
आम्लता आणि कोलेस्टेरॉल. कण एन्डोसोममध्ये (पेशीने आत ओढलेल्या पिशवीत) जातो: हंतान मुख्यतः क्लॅथ्रिन प्रथिनाच्या वाटेने, अँडीज अस्तरपेशींत मॅक्रोपिनोसायटोसिसनेही (मोठा घोट घेतल्यासारखं आत ओढून). पीएच उतरला की जीसी उलगडतं आणि एन्डोसोमच्या पटलात घुसतं. पटलात कोलेस्टेरॉल कमी असेल तर विषाणू आणि एन्डोसोम यांच्या पटलांची ही जुळणी फसते. आम्लता घटवणारं अमोनियम क्लोराईड सुरुवातीपासून दिलं तर संसर्ग अडतो. कण पेशीद्रवात पोचल्यावर दिलं तर काही होत नाही. टप्पा ओळखायला ही सोपी कसोटी आहे.

सूक्ष्मदर्शी
आता बीटा-३. शिरकावानंतर पेशी मरत नाही, आणि नवख्यांची गल्लत नेमकी इथे होते. एन प्रथिन कॅस्पेज-३ आणि ग्रँझाइम-बी या पेशी मारणाऱ्या विकरांना रोखतं, त्यामुळे थर अखंड दिसतो. मात्र बीटा-३ एरवी व्हीईजीएफच्या (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या आणि झिरपत्या करणाऱ्या संदेश-प्रथिनाच्या) ग्राहीला आवर घालतं; रोगकारक हंता बीटा-३ ला चिकटला की तो आवर सुटतो. मग थोड्या व्हीईजीएफनेही अस्तरपेशींना एकमेकींशी सांधणारं व्हीई-कॅडेरिन पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढलं जातं, सांधे सैल होतात आणि पाणी झिरपतं. फुप्फुसात भरलेलं पाणी पेशी मेल्याचा पुरावा समजू नका.

मूत्रपिंडात पोडोसाइट (रक्त गाळणाऱ्या जाळीच्या पेशी) आणि नलिकांच्या पेशीही बाधित होतात. त्यांचे सांधे विस्कटले की लघवीतून प्रथिनं जातात. डेंड्रायटिक पेशी (टी-पेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या प्रतिकार-पेशी) तर हंतानने बाधित होऊन मरण्याऐवजी परिपक्व होतात आणि टी-पेशींना चेतवतात. म्हणून एखाद्या पेशीबद्दल "बाधित होते" एवढंच लिहू नका. शिरकाव, वाढ आणि परिणाम हे तीन रकाने वेगळे भरा.