बस्तिलाला फिलो शीट चालते, हे मला अजिबात पटत नाही

तव्यावरची_वाफ: मोरोक्कोच्या बस्तिलाची, म्हणजे पातळ शीटमधे सारण भरून भाजलेल्या गोड-खारट पायची, रेसिपी मराठीत कुठेही बघा, 'फिलो शीट घ्या' असंच असतं. अहो फिलो कच्चं असतं, लाटून-ताणून पातळ केलेलं, आणि बस्तिलाची मूळ शीट, वर्का, आधीच भाजलेली असते. पीठ चांगलं सैल आणि चिवट होईस्तोवर मळायचं, मुरू द्यायचं, मग ओला गोळा हातात धरून गरम पालथ्या भांड्यावर टेकवायचा की लगेच उचलायचा, टेकवला तिथे पापुद्रा चिकटून राहतो, असे एकाला एक लागून ठिपके देत गेलं की शीट तयार, कडा सुटल्या की अलगद सोलायची. कबुतराचं नाहीतर चिकनचं ओलसर सारण, केशर, अंडी, बदाम, वरून पिठीसाखर-दालचिनी, हे सगळं ती पेलते.

लियोंकर: कौशल्य मान्य, पण घरी कोण करतं? मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या बायकासुद्धा वर्का बाजारातून आणतात. नाशकात बसलेल्याने काय करायचं? फिलोला थरागणिक बटर लावा, ओव्हनमधे मस्त कुरकुरीत होते. उगाच शुद्धतेचा आग्रह धरून लोकांना पदार्थापासून तोडू नका.

तव्यावरची_वाफ: विकत आणलेली वर्का ही वर्काच की! कुणी केली हा मुद्दाच नाहीये, कशी केली हा आहे.

मिरची_कोकम: ओव्हनचं ठीक, तळणाचं काय? ट्युनिशियाचं ब्रिक घ्या, सारण भरून तळलेली घडी, तिथे या शीटला मल्सूका म्हणतात. मधे ट्यूना मासा, केपर्स (खारवलेल्या कळ्या), त्यावर कच्चं अंडं फोडायचं, घडी घालून लगेच गरम तेलात, बलक वाहता राहिला पाहिजे. फिलोच्या एका शीटमधे करून बघा, अंडं कढईत.

लियोंकर: ब्रिकपुरतं मान्य. भाजायच्या बस्तिलाबद्दल मत तेच.

पुरणमांडे: मला तर मोरोक्कोचा त्रीद, तो पातळ पोळीसारखा प्रकार, आपल्या मांड्याजवळचा वाटतो, तेल लावून हातानं ताणायचा आणि तापलेल्या पालथ्या मडक्यावर भाजायचा. बरं, घरी वर्का जमते हो! मैद्याचं पातळ पीठ, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर नॉनस्टिक पॅन, ब्रशने एक पातळ हात फिरवायचा. मोरोक्कोतही आता घरोघरी करतात असं.

तव्यावरची_वाफ: ब्रशवाली जरा ठिसूळ होते, घडी घालताना कडेला तेलाचं बोट लावावं लागतं. पण फिलोपेक्षा शंभर पटीने बरी, नाशिकवाल्यांनी हीच करा.