थायलंडला जाऊन थाई शिकायचीय, स्टुडंट व्हिसाचं नक्की कसं असतं?

मुक्काम_नाशिक
नमस्कार मंडळी. मी ३१ वर्षांची, सात वर्षं द्राक्षांच्या एक्स्पोर्टची कागदपत्रं केली, आमचे काही खरेदीदार बँकॉकचे, तेव्हापासून थाई शिकायचं डोक्यात आहे. आता नोकरी सोडून वर्षभर तिकडे राहायचं जवळजवळ पक्कं झालंय. व्हिसा शाळाच काढून देते का? सोबत थोडंफार काम केलं तर चालतं का? आणि लिपी शिकायलाच हवी का, की नुसतं बोलणं पुरेसं? एक एजंट म्हणाला फी भरा, क्लासला नाही गेलात तरी कोणी विचारत नाही, ते ऐकून उलट भीतीच वाटली.

सोई_३३
ताई, त्या एजंटच्या नादी लागू नका. मी दीड वर्ष बँकॉकमध्ये याच व्हिसावर होतो. त्याला नॉन-इमिग्रंट ईडी (ईडी म्हणजे एज्युकेशन, शिक्षणाचा) म्हणतात, मान्यताप्राप्त शाळा प्रवेशाची कागदपत्रं देते, अर्ज आपण करायचा. सुरुवातीला ९० दिवस मिळतात, मग पुढची मुदतवाढ इमिग्रेशन ऑफिसात, दर वेळी १,९०० बाट (थाई चलन). हजेरी बघतात, आणि मला तर दुसऱ्या वेळी तिथल्या बाईंनी थेट थाईत विचारलं, कुठे राहता, क्लास किती वाजता असतो. मला बोलता आलं म्हणून निभावलं, शेजारच्या काउंटरवरचा मुलगा नुसता बघत राहिला.

या व्हिसावर नोकरी करता येत नाही, वर्क परमिट वेगळं लागतं. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणार असाल तर २०२४ ला सुरू झालेला डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा बघा, पण त्याला ५ लाख बाट खात्यात दाखवावे लागतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. आई आजारी पडली म्हणून मी घाईत घरी आलो, री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, न काढता. देशाबाहेर पाऊल टाकलं आणि मुदतवाढ रद्द. ते परमिट एका वेळेसाठी १,००० बाटला मिळतं, मला मात्र सगळं पहिल्यापासून करावं लागलं, शाळेने आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

क_कोंबडीचा
मी लिपीबद्दल बोलते कारण माझा सगळा जीव त्यातच आहे. शिकाच! आपल्याला ती जितकी सोपी जाते तितकी युरोपियन लोकांना जात नाही. ४४ व्यंजनं, पण क्रम आपलाच, क-वर्ग, च-वर्ग, ट, त, प. आपण क कमळाचा म्हणतो तसं त्यांचं को काय म्हणजे कोंबडी, खो खाय म्हणजे अंडं, आणि क-वर्गाच्या शेवटी ङो ङू, म्हणजे साप. आपल्याकडे ङ कधी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, तिथे 'ङान' म्हणजे काम, रोज दहा वेळा म्हणावा लागतो. काही स्वर व्यंजनाच्या आधी लिहितात, आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो ना, तसंच.

फसायला होतं ते उच्चारात. गुरूचा 'ख्रू' होतो, ट आणि त दोन्ही एकच, श ष स सगळे स. विमानतळाची पाटी सुवर्णभूमी, म्हणतात सुवन्नफूम. एकदा हे कळलं की पाट्यांवर आपलेच शब्द दिसायला लागतात, आहार, भाषा, वेळ, आणि मला अजून अंगावर काटा येतो.

सूर मात्र पाच, म्हणजे आवाजाचे चढउतार. 'क्लाय' सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली आणलं तर जवळ. मी रिक्षावाल्याला जवळ जवळ म्हणत होते आणि तो मान हलवत नाही म्हणत होता. रोमन अक्षरांवर शिकलात तर हा फरक कधीच पक्का होणार नाही.

मुक्काम_नाशिक
सोई_३३ दादा, क_कोंबडीचा ताई, मनापासून आभार, एजंटला आत्ताच नाही कळवलं. अक्षरं आज रात्रीपासून गिरवते. घर भाड्याने घेताना काही बघावं लागतं का?

सोई_३३
हो, घरमालकाने तुमचा पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो, त्याला टीएम ३० म्हणतात. भाडं ठरवण्याआधीच विचारा, करून देणार का, कारण पुढे मुदतवाढीला ती पावती मागतात. आणि सलग ९० दिवस झाले की आपला पत्ता आपणही कळवायचा, ते वेगळं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.