स्टोलसाठी सूत: ताण्याला काय, बाण्याला काय?

लातूरची_फणी:
टेबल-मागावर स्टोल विणायचाय. फणीत (धागे ओवायच्या कंगव्यासारख्या चौकटीत) रुंदी २० इंच, लांबी झालर सोडून ६ फूट. सूत हाताला मऊ लागणारं हवंय. हातकताईचं खादी सूत ताण्याला (उभ्या धाग्यांना) लावलं की सारखं तुटतं. रेशीम, लोकर चालेल का? किती लागेल?

धोटा_कांडी:
ताई, आवडीचं सूत बाण्याला (आडव्या धाग्यांना) ठेवा. बाण्यावर ताण फारसा येत नाही. ताण्याचा धागा मात्र दर ठोक्याला फणीत घासतो. हातकताईच्या सुतात पीळ बारीक जागी गोळा होतो, जाड जागा भुसभुशीत राहते. तीच फणीत पिंजते नि तुटते. तेच सूत बाण्यात सुंदर उठून दिसतं.

ताण्याला २/२० (२० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेलं) दुपदरी कापूस घ्या, खळ लागत नाही. २८ नंबरची फणी (दोन इंचांत २८ घरं), घरात दोन धागे, म्हणजे इंचाला २८ नि एकूण ५६०. ताणा ३ मीटर लावा: आकसणं, झालर नि मागावर वाया जाणारं धरून. झाले १,६८० मीटर. हे सूत किलोला सुमारे १६,९०० मीटर भरतं, म्हणजे १०० ग्रॅम. काठाचे जोडधागे नि तुटफूट धरून १२० घ्या. बाणा त्याच सुताचा असेल तर इंचाला २४ धाग्यांनी ७० ग्रॅम. खादी जाड असेल तर वजन वाढेल.

हिमरू_पैठणी:
रेशीम बाण्याला जरूर घ्या. आपल्या हिमरू कापडाची रचनाच ती: सुती ताणा, रेशमी बाणा. (मशरू कापडात उलट: रेशीम ताण्याला, नि सूत अंगाच्या बाजूला.) फक्त डिंक (रेशमावरचा नैसर्गिक चिकटा) काढलेली लडी मागा. कच्च्या रेशमाचं जवळपास पाव वजन डिंकाचं असतं, म्हणून ते कडक लागतं. विणून झाल्यावर डिंक काढलात तर बाणा बारीक होतो नि वीण विरळ पडून सरकते.

लातूरची_फणी:
आणि लोकर? बाण्यात मधेमधे पट्टे टाकायचा विचार आहे.

धोटा_कांडी:
पट्टे नकोत. धुतल्यावर लोकर कापसापेक्षा जास्त आटते, तिथेच कापड आत ओढलं जातं नि काठ वेडावाकडा होतो. लोकरच हवी तर पूर्ण बाणा मेरिनोचा (मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा) करा. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, गळ्याला टोचते.

हिमरू_पैठणी:
एक राहिलं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुती ताणा जास्त तुटतो; मागाखाली ओलं पोतं टाका. कापूस ओलाव्यानं बळकट होतो, व्हिस्कोस (रेयॉन) मात्र ओलं झालं की कमजोर पडतं. लडी घेण्याआधी वीतभर धागा नखानं दहा वेळा खरवडून पाहा. लव उठली तर तो ताण्याचा नाही.