बाबांचं मस्कत, आईचं नैरोबी (अनुभव धागा)

पार्लेकरीण

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत असं एक तरी घर निघतंच, ज्यातलं कोणी ना कोणी उमेदीच्या वयात 'तिकडे' होतं. तिकडे म्हणजे मस्कत, कुवेत, दुबई. त्याआधीची पिढी असेल तर नैरोबी, मॉस्को. ही मंडळी आता सत्तरीला टेकलीत, मुलं कमावती झालीत आणि "चला बाबा, एकदा जाऊन येऊ" हे बऱ्याच घरांत ऐकू येतंय. पॅकेज टूर या कामाची नाही. यांना बघायचं असतं बिल्डिंगच्या मागचं पार्किंग. त्यासाठी बस कोण थांबवणार?

तर जाऊन आलेल्यांनी लिहा. नुसती हॉटेलांची नावं नकोत. तिथे गेल्यावर कोण कोणाला फिरवत होतं, ते येऊ द्या. माझं मत आधीच सांगून टाकते: सगळी आखणी आईबाबांवर सोपवायची आणि आपण बॅगा उचलायच्या. पटत नसेल तर खोडून काढा.

पहिलं मीच लिहिते.

बाबा १९७९ ते १९९३ मस्कतच्या रुवी भागात होते, एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये. मी तिसरीपर्यंत तिथेच शिकले. मस्कतचं विमान तीन तासांच्या आत पोचतं. शुक्रवारी संध्याकाळी पार्ल्याहून पुण्याला जायला याहून जास्त लागतात. उतरल्यावर बाबा म्हणाले, "हे सीब नव्हे." सीब हे विमानतळाचं जुनं नाव. विमानतळ तोच, टर्मिनल मात्र २०१८ साली उघडलेलं नवं. जुनं कुठे राहिलं ते विचारायला त्यांनी सामानाच्या पट्ट्याजवळचा एक लोडर गाठला. तो केरळचा, बाबा हिंदीत, तो मल्याळी वळणाच्या हिंदीत. बॅगा माझ्यासमोरून दोन फेऱ्या मारून गेल्या.

गाडी भाड्याने घ्यायचा विषय त्यांनी पहिल्याच दिवशी मिटवला. पांढऱ्या-केशरी टॅक्सीत माणशी पैसे देऊन बसायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शहरातल्या लाल बस मात्र त्यांना नव्या. त्या २०१५ नंतरच्या. पुढच्या सीटवर बसून ते प्रत्येक स्टॉपला "इथे काही नव्हतं" म्हणत होते. शेवटी शेजारचा पाकिस्तानी गृहस्थ हसून म्हणाला, "चाचा, कुछ तो होगा!"

रुवीतली आमची बिल्डिंग उभी आहे. खाली किराणा होता, तिथे आता मोबाइलचं दुकान. बाबा समोरच्या फुटपाथवर उभे राहून बोटाने दाखवत होते: ती तिसऱ्या मजल्याची बाल्कनी, तिथे तुझी आई खारवलेली सुरमई वाळत घालायची, आणि वरच्या मजल्यावरचे सुदानी मास्तर नाक धरून जिना चढायचे. आईने हे कधी सांगितलं नव्हतं. वर जायचं का, विचारलं. "लोक राहतात तिथे. उगाच कशाला?" म्हणाले आणि मोबाइलच्या दुकानात शिरून चार्जर घेतला. चार्जर आमच्याकडे होता.

मत्रहचा मासळीबाजार २०१७ पासून नव्या इमारतीत आहे, छत ऐटदार, फरशी धुतलेली. इथे माझा काही संबंधच उरला नाही. बाबांनी सुरमईचे कल्ले उघडून लाली बघितली, पोटावर अंगठा दाबला, दुसरी मागितली, तिचेही कल्ले उघडले. विकणारा बलुची घराण्यातला ओमानी. मस्कतमध्ये अशा बऱ्याच लोकांना हिंदी-उर्दू येतं, त्यामुळे घासाघीस दोन्हीकडून चवीने चालली. हॉटेलात स्वयंपाकघर नव्हतं, तरी अख्खी सुरमई घेतली! मागच्या गल्लीतल्या एका खानावळीने पैसे घेऊन तळून दिली. मसाला कसा लावायचा ते बाबांनी आत जाऊन दाखवलं.

सुलतान काबूस मशीद त्यांनी पाहिली नव्हती, ती २००१ ची. बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ आत सोडतात; बायकांनी डोकं आणि हातपाय झाकलेले हवेत. प्रार्थनागृहातला अवाढव्य गालिचा इराणमध्ये विणलेला. बाबांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष सुलतानाच्या तसबिरीकडे. काबूस १९७० साली गादीवर आले आणि जानेवारी २०२० मध्ये गेले. त्या दिवशी बाबांनी पार्ल्यात टीव्हीसमोरून हलायला नकार दिला होता. आपल्याकडच्या कुठल्याही नेत्यासाठी मी त्यांना असं बसलेलं पाहिलेलं नाही.

विरार फास्ट

ताई, तुमच्या मताला माझा विरोध.

आमचे बाबा गुहागरचे. १९८२ ला दुबईला गेले, पाइप फिटर. आम्ही आईजवळ गावी, नंतर विरारला. पत्रं कमी, कॅसेट जास्त. कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती आवाज भरलेली कॅसेट यायची आणि आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती कोंडाळं करायचो. सोबत खाडीकाठचे फोटो. दर वेळी वेगळा शर्ट, मागे होड्या.

आखणी त्यांच्यावर सोडली असती तर आम्ही वसईच्या पुढे गेलो नसतो. "तिकडे बघायला काय आहे?" हे एकच पालुपद. शेवटी भावाने तिकिटंच काढली. तिथे गेल्यावर मेट्रोत चढले (ती २००९ ची), बुर्ज खलिफाखाली मान वर करून उभे राहिले, सगळं आज्ञाधारकपणे. अब्रा, म्हणजे खाडीतल्या होड्या, बघितल्यावर मात्र खुलले. खाडी ओलांडायला एक दिरहम लागतो, त्यांच्या वेळी ५० फिल्स होते. उभ्या होडीत पाय कसा टाकायचा ते आम्हाला शिकवलं. मेट्रोतून ट्रेड सेंटर दिसलं तेव्हा खिशातून शंभराची जुनी कागदी नोट काढून तीवरचं चित्र दाखवलं. १९७९ ला ती इमारत झाली तेव्हा आसपास नुसती वाळू. आता शोधावी लागते.

जूनचा शेवट होता. दुपारी एका साइटवर कामगार सावलीत आडवे झालेले दिसले. बाबांनी चौकशी केली. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला तिथे २००५ पासून बंदी आहे. "बरं केलं," एवढंच बोलले. मग बराच वेळ काही नाही.

सोनापूरच्या कॅम्पला, म्हणजे तिथल्या कामगार वस्तीत, जाऊ म्हणालो, तर सरळ नाही. त्या रात्री हॉटेलवर कळलं की ते खाडीकाठचे सगळे फोटो एकाच शुक्रवारी काढलेले. खोलीतल्या मित्रांनी आपापसात शर्ट बदलले, फोटोवाल्याकडून रोल संपवून घेतला आणि दर कॅसेटबरोबर एकेक धाडला. आईला हे माहीत होतं म्हणे. आम्हाला नाही.

सोनापूर बघितलं नाही. माणसाला जे दाखवायचं नाही ते उकरू नये, असं मला वाटतं.

पार्लेकरीण

तुमच्या बाबांना माझा नियम लागू नाही, मान्य. पण बघा, शेवटी आखणी त्यांचीच झाली की!

माहीमची आजी

मी लेक नाही, आई आहे. चालेल ना? लेकाने नेलं मला, केनियाला.

माझे वडील नैरोबीला रेल्वेत कारकून. माझा जन्म तिथला. १९६३ च्या डिसेंबरात स्वातंत्र्य मिळालं, पुढे परवान्यांची कटकट सुरू झाली आणि १९६८ साली 'करंजा' बोटीने आम्ही मुंबईला आलो. लेकाला वाटायचं आईला सगळं पुसट आठवत असणार. मलाही तेच वाटत होतं. मोंबासाला टॅक्सीवाला पोरगा "शिकामू, मामा" म्हणाला (मोठ्यांना करायचा नमस्कार तो) आणि माझ्या तोंडून त्याचं उत्तर "मरहबा" निघून गेलं. मग पुढचंही आपोआप. काजूवाल्याशी मी किस्वाहिलीत भाव करतेय आणि आमचा चिरंजीव पाकीट हातात धरून बघत बसलाय. जन्मभर मी त्याच्यादेखत भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस केली नाही, कारण ह्यांना आवडायचं नाही.

नैरोबीत जुन्या बझार स्ट्रीटला आता बियाशारा स्ट्रीट म्हणतात. कापडाची दुकानं आहेत अजून. रेल्वे म्युझियममध्ये वाफेची इंजिनं उभी करून ठेवलीत, तिथे मी दुपारभर होते. ही लाइन १८९६ पासून आपल्याकडून नेलेल्या मजुरांनी घातली, त्यातले कितीतरी तिथेच दगावले. नवी गाडी २०१७ ची. सकाळी बसलं की दुपारी मोंबासा. सोय आहे, पण आमची रात्रीची गाडी होती. बिछाना घालून द्यायचे, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण. मला ती गाडी हवी होती, मिळाली नाही. त्याबद्दल मी अजून कुरकुरते.

तळलेला मोगो (कसावाचा कंद), वर तिखट-लिंबू. दात साथ देत होते तेवढा खाल्ला.

दोन कामाच्या गोष्टी. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. परत येताना आपल्या विमानतळावर तो दाखला मागतात. साठीच्या पुढे ही लस डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण त्या वयात त्रासाची शक्यता जास्त. माझ्या डॉक्टरांनी बराच विचार करून हो म्हटलं. दाखला एकदा मिळाला की आता आयुष्यभर चालतो. आणि चिवडा डब्यात न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे आणि ती खरोखर पाळतात.

कल्याणचा

आमचं कुवेत. इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तो २ ऑगस्ट १९९० हा गुरुवार होता हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवरचे तंबू, अम्मान आणि एअर इंडिया. त्या वेळी अम्मानहून लाखाहून जास्त लोकांना मुंबईत आणलं गेलं, त्यातले आम्ही चौघं. मी शाळकरी. मला तंबूतलं पाणी आठवतं, कोमट, डिझेलचा वास असलेलं.

बाबा त्यानंतर गेलेच नाहीत. नुकसानभरपाई मात्र मिळाली. संयुक्त राष्ट्रांचा जिनिव्हाचा आयोग इराकच्या तेलाच्या पैशातून ती वाटत होता. त्याचं शेवटचं देणं २०२२ साली फिटलं. आमच्या वाट्याच्या पैशातून कल्याणचा वन रूम किचन झाला.

परवा दोघंच गेलो. युद्धाची संग्रहालयं आहेत तिथे. बाबांनी एकही बघितलं नाही. कुवेत टॉवर्सकडे बसमधून नजर टाकली, बस. त्यांना आमच्या हवाली भागातला जमिया, म्हणजे सहकारी भांडार, बघायचा होता. ऑगस्टमध्ये त्याच्यासमोर खुबुजसाठी (तिकडची रोटी) पहाटेपासून रांग लावायचे, आणि रांगेत नंबर धरून ठेवणारा एक इजिप्शियन न्हावी होता. जमिया सापडला, बराच मोठा झालाय. बाबांनी खुबुजचं एक पाकीट उचललं, किंमत बघितली आणि कॅश काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीला न्हाव्याची सगळी गोष्ट सांगितली, अरबी-हिंदी मिसळून. तिला किती कळली देव जाणे. मागे रांग लागली होती.

सहजच

कल्याणकर, आमच्या कपाटात कुवेतच्या जुन्या नोटा आहेत. बदलून मिळतात का?

कल्याणचा

नाही हो. इराकी सैन्याने बँक लुटली होती, म्हणून मुक्ततेनंतर कुवेतने नव्या नोटा काढून आधीच्या बाद केल्या. आमच्याही आहेत. देव्हाऱ्यात पडून आहेत.

दादरचा डॉक्टर

वडील सत्तरच्या दशकात मॉस्कोला लुमुम्बा विद्यापीठात होते. थोडक्यात लिहितो. आपली व्हिसा-मास्टरकार्डं तिथे मार्च २०२२ पासून चालत नाहीत, रोख न्या. ई-व्हिसा मिळतो. विद्यापीठाच्या नावातून १९९२ साली लुमुम्बा गेला होता तो २०२३ ला परत आला, यावर वडिलांनी मला विमानात, मेट्रोत आणि जेवताना व्याख्यान दिलं. मेट्रो त्यांच्या वेळी पाच कोपेकला होती. झुंबरं तीच. काळा पाव आणि काशा (धान्याची लापशी) मागवून "होस्टेलला बरा मिळायचा" म्हणाले. वयाच्या पंचाहत्तरीत अडखळत का होईना पण रशियनमध्ये भांडू शकणारा माणूस घरात आहे, हे मला माहीतच नव्हतं.

पार्लेकरीण

सगळ्यांसाठी: व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आयत्या वेळी धावपळ होते. बाबा लोक "मला कशाला" म्हणतात, पण इमिग्रेशनची रांग बघून बसतात. औषधांची चिठ्ठी सोबत हवीच, आखातात काही वेदनाशामक गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत.

विरार फास्ट

आणि दुबईला खसखस नेऊ नका, तिथे तिच्यावर बंदी आहे. आईने अनारसे बांधून दिले होते, ते आम्ही सहारला जाता जाता रिक्षातच संपवले.

नवी

आई लागोसला शाळेत शिकवायची, लग्नाआधी. परत जायचं म्हणते. तिला ६८ पूर्ण आहेत. यलो फीव्हर तिथेही लागतो ना?

माहीमची आजी

लागतो. आधी डॉक्टर, मग लस, मग तिकीट. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या, तिथला शिक्क्याचा दाखलाच ग्राह्य धरतात. पासपोर्ट सोबत न्या, नंबर त्यावर लिहितात. आणि आईला सांगा, इथे येऊन स्वतः लिही म्हणावं.