शब्दचर्चा: रीजन्सी लंडनच्या प्रेमकथेतले 'फेन्स', 'थीफ-टेकर' आणि 'टॉन'

प्रश्न
१८१२ सालच्या, म्हणजे रीजन्सी काळातल्या (राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तो काळ) लंडनमधली कादंबरी मराठीत आणायची आहे. नायिका अर्लची (बड्या उमरावाची) मुलगी, नायक सेंट जाइल्स या गरीब वस्तीच्या गल्ल्यांत वाढलेला, चोरीचा माल फिरवणारा. फेन्स, पिकपॉकेट, थीफ-टेकर, गेमिंग हेल, टॉन यांना काय म्हणावं?

प्रतिसाद १
फेन्सला 'दलाल' म्हणू नका. दलाल सौदा जुळवून दलाली घेतो. फेन्स माल स्वतः पडत्या भावात विकत घेतो, चांदीची भांडी वितळवतो, रेशमी रुमालावर भरलेली मालकाची अक्षरं उसवतो. निवेदनात 'चोरीचा माल घेणारा', संवादात नुसतं 'मालवाला' पुरे.
पिकपॉकेटला 'पाकीटमार' म्हटलं की वाचक थेट लोकलच्या गर्दीत पोचतो. त्या काळच्या लंडनमध्ये खिशातून जायचे ते मुख्यतः रुमाल आणि घड्याळं. खिसा कापायचीही गरज नसे, म्हणून 'उचल्या' उत्तम. एक सांभाळा: खिशातून शिलिंगहून जास्त किमतीची वस्तू मारली तर फाशी, हा कायदा १८०८ मध्ये गेला. १८१२ मध्ये उचल्याला त्यासाठी फासावर चढवलंत तर चूक होईल; ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला हद्दपारी दाखवा. पण तिला 'काळं पाणी' नको, त्या शब्दाला अंदमान चिकटलेलं आहे.

प्रतिसाद २
'थीफ-टेकर'चं 'चोर पकडणारा' केलंत तर पैशाची बाजू हरवते. हा सरकारी नोकर नव्हे. वाटमाऱ्याला शिक्षा झाली की ४० पौंड इनाम मिळे, म्हणून काही जण आधी गुन्हा घडवून आणत आणि मग गुन्हेगार हजर करत. जोनाथन वाइल्ड तर चोरांकडून माल घेऊन तोच मूळ मालकाला पैसे घेऊन परत देई. १७२५ मध्ये टायबर्नला फासावर गेला. 'इनामावर चोर धरून देणारा' हे लांब आहे, पण खरं आहे.
तुमच्या कादंबरीच्या काळात बो स्ट्रीट रनर्सही आहेत (बो स्ट्रीटच्या न्यायालयाची गुन्हेगार शोधणारी माणसं, १७४९ ते १८३९). त्यांना गणवेश नव्हता आणि खासगी लोक फी देऊन त्यांना कामाला लावत. 'हवालदार', 'शिपाई' टाळा. 'बो स्ट्रीटचा माणूस' लिहा. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल आलं ते १८२९ मध्ये.

प्रतिसाद ३
गेमिंग हेल म्हणजे जुगाराचा अड्डा, त्यात घोळ नाही. फक्त 'हॅझर्ड' फाशांचा आणि 'फॅरो' पत्त्यांचा, हे उलटंपालटं करू नका.
'टॉन' म्हणजे लंडनचा फॅशनेबल वरचा समाज; त्यासाठी 'उच्चभ्रू' वर्तमानपत्री वाटतो. 'बडी मंडळी' जास्त बसतं. ऑलमॅक्स या निवडक लोकांच्या सभागृहातल्या बुधवारच्या नाचाला नुसता पैसा चालत नसे, तिथल्या आश्रयदात्या स्त्रियांची पसंती लागे. म्हणून तिथलं व्हाउचर (प्रवेशाची चिठ्ठी) 'तिकीट' नव्हे, 'परवाना'.
अर्लची मुलगी 'लेडी' आणि पुढे तिचं स्वतःचं नाव. तिची आई 'लेडी' आणि पुढे किताबाचं नाव. हे सैल सोडलंत तर पत्रांच्या प्रसंगात आई कोण, मुलगी कोण, कळणार नाही.

प्रतिसाद ४
खरी कसोटी सर्वनामांची आहे. त्या इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते. नायिका नायकाला सुरुवातीला 'तू' म्हणेल, कारण तो खालच्या वस्तीतला. तो तिला 'आपण', 'बाईसाहेब' म्हणेल. मान वाटू लागला की ती 'तुम्ही'वर येईल आणि प्रेमात पडल्यावर पुन्हा 'तू'वर. हे दोन 'तू' वेगळे ऐकू यायला मधली 'तुम्ही'ची प्रकरणं भरपूर लांब हवीत. भाषांतर सुरू करण्याआधी कोणत्या प्रकरणात कोण बदलतो, याचा तक्ता करून ठेवा.